रामटेके साहेबांचा दगड

चंद्रपूर-गडचिरोलीच्या प्रवासाला निघताना मी पाण्याची बाटली, टोपी, जुलाबाच्या गोळ्या आणि मकरंदबद्दलचा जुना जळफळाट एवढं सामान घेतलं होतं. टोपी आलापल्लीला चहाच्या टपरीवर राहिली. बाकीचं सगळं कामी आलं.

मकरंद आणि मी एकाच संस्थेत, एकाच वेळी कामाला लागलो. लोकांकडून देणग्या मिळवणं हे आमचं काम. मी अजून तेच करतो. पुण्यात माझं दोन खोल्यांचं ऑफिस आहे. छोट्या संस्थांना निधी कसा उभा करायचा, देणगीदाराशी कसं बोलायचं हे मी शिकवतो आणि जमेल तिथे मिळवूनही देतो. मकरंदने मात्र मध्येच कात टाकली. तो आता देणगी मागत नाही, 'सामाजिक गुंतवणूक' करतो. म्हणजे पैसेवाल्यांचे पैसे एका फंडात गोळा करायचे, ते गावांना, बचत गटांना वापरायला द्यायचे, थोड्या परताव्यासह परत घ्यायचे आणि पुढच्या गावाला द्यायचे. 'पैसा फिरत राहतो,' असं तो हात गोल फिरवत सांगतो आणि समोरचे माना डोलावतात. मी आयुष्यभर लोकांना द्यायला शिकवलं, पण कोणी मान डोलावल्याचं मला आठवत नाही. हल्ली परिषदांमध्ये तो मंचावर असतो, आणि मला जेवणाची कुपनं वाटणाऱ्यांशेजारची खुर्ची मिळते.

अशात माझा सगळ्यात मोठा देणगीदार त्याच्या नजरेत भरला. सिद्धार्थ रामटेके. त्याचा पुण्यात कारखाना आहे. वडील चंद्रपूरच्या वीजकेंद्रात इंजिनिअर होते, दोन वर्षांपूर्वी वारले. त्यांच्या नावानं त्यांच्याच मुलखात काही करावं असं सिद्धार्थच्या मनात होतं. एटापल्लीच्या पुढच्या एका माडिया आदिवासींच्या गावाला मोहफुलं साठवायला गोदाम हवं आहे, हे मीच शोधून काढलं. त्यावर वडिलांच्या नावाची पाटी लागेल, असंही ठरलं. ही देणगी आली असती तर माझं ऑफिस चालू राहिलं असतं. नाहीतर दिवाळीच्या आत कुलूप लावावं लागणार होतं, इतकं सरळ. आणि त्याच गोदामासाठी मकरंदचा फंडही त्या गावाशी बोलत होता. एका समारंभात त्यानं सिद्धार्थला गाठलं आणि हात गोल फिरवला.

सिद्धार्थने आम्हाला दोघांना बोलावून सांगितलं, "तुम्ही दोघंही जा. गावाला काय हवं ते विचारा. ते म्हणतील तसं करीन." आणि मग थोडं लाजत म्हणाला, "जाता जाता ऊर्जानगरला आमच्या क्वार्टरचा एक फोटो काढाल का?"

ऊर्जानगर

चंद्रपूरला सकाळी तर्री-पोहे खाल्ले. आमच्या पुण्यात पोह्यांवर खोबरं आणि कोथिंबीर पडते आणि माणूस सभ्यपणे खातो. इथे त्यावर हरभऱ्याचा लालभडक रस्सा ओततात आणि नाक पुसत खावं लागतं. मी दोन घासांत हात टेकले. मकरंदने दुसरी प्लेट मागवली. आमचा ड्रायव्हर दिवाकरभाऊ त्याच्याकडे कौतुकानं पाहून म्हणाला, "हे साहेब आपल्याच इकडचे वाटून राह्यले." मकरंदचा जन्म ठाण्याचा आहे.

ऊर्जानगरमध्ये वीजकेंद्राच्या धुरकट चिमण्यांच्या सावलीत सारख्या दिसणाऱ्या क्वार्टरांच्या रांगा आहेत. पाळी सुटायची वेळ होती. बाइकवरून माणसं परतत होती, कंपनीची बस वळणावर थांबून बायाबापड्यांना उतरवत होती. सिद्धार्थचं जुनं क्वार्टर सापडलं. तिथे आता राहणाऱ्या बाईंना आम्ही कोण ते सांगितलं. त्यांनी मकरंदसाठी खुर्ची आणली आणि मला म्हणाल्या, "भाऊ, तुमी बाहेरून फोटो काढून घ्या, मंग आत या." गळ्यात कॅमेरा माझ्या होता हे खरं, पण म्हणून मी त्याचा फोटोग्राफर? मागच्या अंगणात रामटेके साहेबांनी लावलेला आंबा होता, कैऱ्यांनी लगडलेला. बाई म्हणाल्या, "त्याईचंच झाड आहे. आमी लोणचं घालतो. नाव अजून रामटेकेचा आंबाच म्हनते सगळे." मी फोटो काढले. मकरंदला जाताना लोणच्याची बरणी मिळाली.

एटापल्ली

गडचिरोलीच्या हद्दीत शिरल्यावर मुलूख बदलतो. धानाची मोकळी शेतं मागे पडतात, साग सुरू होतो. एप्रिलमध्ये साग निष्पर्ण असतो, म्हणून हे जंगल आहे यावर आमच्यासारख्याचा आधी विश्वास बसत नाही. मग मोह दिसतो. झाडाखालची जमीन झाडून स्वच्छ केलेली, त्यावर पिवळट मण्यांसारखी फुलं, आणि वाकून वेचणाऱ्या बायका. वास गोड, जरा आंबूस, गाडीच्या काचा बंद केल्या तरी आत येणारा. मध्येच खनिजाचे ट्रक एकामागून एक धुरळा उडवत जातात आणि सगळं दिसेनासं होतं.

एटापल्लीला सुनीताबाई भेटल्या. त्या गावाच्या ग्रामसभेचं काम पाहतात. माडिया आणि मराठी दोन्ही त्यांच्या जिभेवर आहेत. मी बोलायला तोंड उघडलं तेवढ्यात मकरंद "जोहार" म्हणाला. मलाही माहीत होता तो नमस्काराचा शब्द. फक्त तो आधी म्हणाला.

जेवायला सुनीताबाईंच्या घरी भात, वरण आणि वास्ते, म्हणजे वाळवलेल्या बांबूच्या कोंबांची भाजी होती. उग्र वास, पण चव धरली की सुटत नाही. या पदार्थात तरी मी मकरंदला मागे टाकलं. तीनदा वाढून घेतली.

जेवताना सुनीताबाईंनी नियम सांगितला. "आमच्या गावात मतदान नाई राहत. सगळे हो म्हनत नाई तोवर बसायचं. एक जन जरी नाई म्हनला तर पुन्हा बसायचं. आन पाहुन्याले काही विचारलं तर खरं सांगायचं, बस." मकरंदने मान डोलावली. मीही डोलावली, त्याच्यापेक्षा जरा जास्त.

गावात

गावाचं नाव मी लिहीत नाही. मकरंदच्या फंडाच्या छापील पुस्तिकेत ते एव्हाना आलेलं असणार, तिथे वाचावं.

सभा गोटुलाजवळच्या, म्हणजे गावाच्या सामाईक घराजवळच्या चिंचेखाली भरली. माणसं सकाळचा मोह वेचून, अंघोळी करून आली होती. पुढे जुरीबाई बसल्या. गावातल्या सगळ्यात वडील बाई, खांद्यापर्यंत गोंदलेल्या. त्या माडियात बोलायच्या आणि सुनीताबाई आम्हाला सांगायच्या.

आधी मकरंद बोलला. सांगताना अंगाचा तिळपापड होतो, पण चांगला बोलला. मोह पडतो तेव्हा भाव पडलेला असतो, पावसाळ्यात चढतो. गोदाम असेल तर थांबता येईल, थांबलात तर दोन पैसे जास्त मिळतील, त्यातून फंडाचे परत करा. एकानं विचारलं, "एखाद्या वर्षी मोह पडलाच नाई तं?"

"तर त्या वर्षी फंडही थांबेल," मकरंद म्हणाला. मला त्याचा एवढा राग कधीच आला नव्हता. हे उत्तर मला सुचायला हवं होतं.

मग मी उभा राहिलो. म्हटलं, आमचे पैसे परत करायचे नाहीत. देणगी आहे. फक्त गोदामाच्या भिंतीवर एक पाटी लागेल. रामटेके साहेबांचं नाव, जन्माचं आणि मृत्यूचं साल. एवढं बोलून मी मकरंदकडे पाहिलं. फुकट आणि परतफेड, यात कोण काय निवडणार हे उघड होतं.

सुनीताबाईंनी सांगितलं आणि सभेत एकदम गलका झाला. मला वाटलं, मीच जिंकलो. पण कोणी हसत नव्हतं. सगळे गंभीरपणे, एकमेकांना अडवत बोलत होते. जुरीबाईंनी हात वर केला आणि मला विचारलं.

"पाटी दगडाची हाय का?" सुनीताबाईंनी त्यांचं मराठीत सांगितलं.

"हो. काळा ग्रॅनाइट. टिकेल."

"आनेल कोन?"

"पुण्याहून ट्रकने येईल. तुम्हाला काही करायचं नाही."

यावर सगळ्यांनी सुनीताबाईंकडे पाहिलं. सुनीताबाई खालच्या आवाजात म्हणाल्या, "भाऊ, आमच्यात मानूस गेला की गावच्या कडेले त्याचा दगड उभा करते. त्याचे घरचे लोक नाल्यातून उचलून आनते. पोरगा, भाऊ, जावई. गावाले जेवन देते. मंग थो मेलेला मानूस गावात राह्यते. सनाले त्याचा वाटा काढा लागते. हे विचारून राह्यले का त्याचा दगड ट्रकात काऊन येते? पोरगा नाई का त्याले?"

येताना गावाच्या वेशीपाशी मी ते दगड पाहिले होते. कोणी उंच, कोणी बुटके, काही झुकलेले. फोटोही काढला होता, सिद्धार्थला दाखवायला. आणि आता त्याच लोकांपुढे मी दुसऱ्याच्या बापाचा दगड मालवाहतुकीत टाकतो म्हणून सांगत होतो.

"मुलगा आहे," मी म्हणालो. "पुण्यात असतो. कामात असतो."

त्यांना मी सांगितलेलं आवडलं नाही, पण सोडूनही देता येईना. एका माणसाचं नाव गावात येऊ घातलं होतं, त्याची वासलात लावायलाच हवी होती. एक म्हातारा म्हणाला, गोदामात माल असतो, तिथे मेलेल्या माणसाला ठेवतात का? दुसऱ्यानं विचारलं, तो काय करायचा? वीज बनवायचा, असं मी सांगितलं. "मंग आमची लाइन काऊन जाते रोज?" असं मराठीतच विचारून तो स्वतःच हसला, आणि सभा जरा सैल झाली.

मग जुरीबाईंनी खरा प्रश्न विचारला. "त्याचे देव किती?"

इथे माणसाची ओळख देवांच्या आकड्यानं होते. चार देवांचे, पाच, सहा, सात देवांचे. आकडा सारखा असेल तर भाऊ, वेगळा असेल तर सोयरे. पुण्यात आम्ही आडनाव विचारतो आणि मग गाव, आणि मनात काय हिशेब करायचा तो करतो. हे निदान उघड विचारतात.

मी म्हणालो, "रामटेके साहेब बौद्ध होते. त्यांच्या वडिलांनी धम्म घेतला तेव्हा घरातले देव सोडले. एकही देव नाही."

सुनीताबाईंनी सांगितलं. जुरीबाईंनी बोटं मोजून पाहिली. मग दात नसलेलं तोंड भरून हसल्या आणि काहीतरी म्हणाल्या. सगळी सभा हसली, माना हलल्या.

"काय म्हणाल्या?"

"म्हनते, एकही नाई म्हंजे आकडा कोनाशीच जुळत नाई. मंग थो साऱ्या गावाचा सोयरा झाला."

त्यानंतर फार वेळ लागला नाही. सगळे हो म्हणेपर्यंत बसले आणि सगळे हो म्हणाले. गोदाम मकरंदच्या पैशांनी बांधायचं. का, ते जुरीबाईंनी सांगितलं. परत करायचे पैसे बरे, परत केले की कोणी कोणाचं नाही. फुकट दिलेले पैसे घरात पाहुण्यासारखे बसून राहतात, उठायचं नाव घेत नाहीत. आणि सोयऱ्याकडून पैसे घेत नसतात. सोयऱ्यानं यायचं असतं. मुलाला सांगा, बापाचा दगड तिकडून घेऊन येऊ नको म्हणावं, इथलाच उचल. जेवण मात्र त्याने द्यायचं.

मी हरलो होतो. मकरंदने माझ्या पाठीवर हात ठेवला. तो हात मी झटकला नाही, एवढंच काय ते मोठेपण.

भामरागड

गावात फोन लागत नाही. मी हात उंच करून फोन फिरवत होतो तेव्हा दिवाकरभाऊ म्हणाला, "साहेब, इथी टॉवर भेटत नाई, कायले नाचून राह्यले?" एटापल्लीला परत आल्यावर सिद्धार्थला फोन लावला. सगळं सांगितलं. देव किती तेही. मग त्यानं विचारलं, "कधी येऊ?"

तो येईपर्यंत आम्ही आलापल्लीवरून वळसा घालून भामरागडला गेलो. तीन नद्या इथे एकत्र येतात. पावसाळ्यात पूल बुडतो आणि इकडचा माणूस इकडे, तिकडचा तिकडे राहतो. आत्ता उन्हाळ्यात पाणी गुडघाभर, हिरवं, खाली वाळू स्पष्ट दिसणारी. पलीकडे छत्तीसगड. नावाडी झाडाखाली झोपले होते. मी पाण्यात उतरलो आणि माझी एक चप्पल वाहून गेली. मकरंद पँट वर करून धावला, खाली जाऊन ती पकडून आणली. साला चप्पलसुद्धा परत मिळवून देतो.

काठावर बसून आम्ही लोणच्याशी भाकरी खाल्ली. रामटेकेच्या आंब्याचं लोणचं. मकरंद भाकरी मोडून नुसताच नदीकडे बघत होता.

"तुला काय झालं? मिळालं ना तुला गोदाम," मी विचारलं.

"मिळालं." त्यानं फोड चोखली. "इतक्या गावांत गेलो रे मी. माझे देव किती, हे कोणी विचारलं नाही."

"परत करायचे पैसे. कोणी कोणाचं नाही," मी म्हणालो. मला फार बरं वाटलं. मी आणखी एक फोड घेतली.

दगड

सिद्धार्थ नागपूरला उतरून थेट आला. ऑफिसचे बूट, पांढरा शर्ट. सोबत तांदळाची पोती होती, ती त्यानं आष्टीच्या बाजारात घेतली. गावाकडे जाताना वाटेत त्यानं मला सांगून टाकलं. "सर, राग मानू नका. पाटी लागणार नसेल तर ते पैसे मकरंदच्या फंडातच टाकतो. गोदामाला लागतील तेवढे." मी राग मानला. पण तसं म्हणालो नाही.

नाल्यात पाणी नव्हतं, दगड होते. सिद्धार्थ बराच वेळ फिरला. शेवटी कमरेइतक्या उंचीचा एक निवडला, एका बाजूनं सपाट. एकट्यानं उचलण्यासारखा नव्हता. तो वाकला, बूट घसरले. मी पुढे होऊन दुसरं टोक धरलं.

जुरीबाई ओरडल्या. सुनीताबाई धावत आल्या. "तुमी नोका धरू, भाऊ. तुमी कोन होय त्याचे?"

खरंच, मी कोण होतो? मी हात सोडला. गावातले चार जण आले आणि त्यांनी सहज हात लावला. ते सोयरे होते. मी आणि मकरंद पळसाखाली जाऊन बसलो, लग्नघरात बँडवाले बसतात तसे. समोरून दगड चालला होता आणि बाईमाणसं गात मागे निघाली होती.

वेशीपाशी, बाकीच्या दगडांपासून थोडं बाजूला, खड्डा खणलेला होता. दगड उभा केला, माती ठोकली. सिद्धार्थने हात जोडून हळू आवाजात त्रिसरण म्हटलं. तो म्हणत होता तोवर सगळे गप्प उभे होते. मग जुरीबाईंनी दगडापुढे भाताचा घास आणि मूठभर मोहफुलं ठेवली आणि दगडाशी काही बोलल्या, घरी आलेल्या माणसाशी बोलावं तसं. सिद्धार्थ तिथेच बूट घातलेल्या पायांवर उकिडवा बसला आणि रडला. पुण्यात अंत्यविधीच्या वेळी मी त्याला पाहिलं होतं. तेव्हा तो पाहुण्यांची ने-आण बघत होता.

आणि मला, पळसाखाली बसून, हेवा वाटला. मकरंदचा नाही. सिद्धार्थचाही नाही. त्या मेलेल्या इंजिनिअरचा. हा माणूस या गावात कधी आला होता की नाही कोणाला माहीत नाही, आणि त्याचा वाटा आता प्रत्येक सणाला निघणार. मी आजवर किती लोकांच्या वडिलांची नावं किती भिंतींवर लावली. शाळेच्या खोल्या, पाणपोया, दवाखाने. माझे वडील सिंचन खात्यात कारकून होते. त्यांचं नाव आमच्या सोसायटीच्या पत्रपेटीवर होतं, रंगकाम झालं तेव्हा गेलं.

जेवताना मला आणि मकरंदला पंगतीच्या शेवटी बसवलं. पानांवर भात, तुरीचं वरण, चिंचेचं सार. जुरीबाई काठी टेकत आमच्यापर्यंत आल्या आणि माझ्यासमोर थांबल्या. सुनीताबाई मागे होत्याच.

"विचारून राह्यली, तुमचा बाप हाय का?"

"नाही. गेले."

"त्याचा दगड कुठी हाय?"

"नाही कुठे."

जुरीबाई बराच वेळ बोलल्या. सुनीताबाईंनी एवढंच सांगितलं, "म्हनते, मंग पावसाच्या आधी या. त्याचे देव किती ते घरी विचारून या. आन पैसे नोका आनू."

खोटं कशाला सांगू, पहिली गोष्ट मी केली ती म्हणजे मान वळवून पाहिलं, मकरंदनं हे ऐकलं की नाही. ऐकलं होतं. तो माझ्याकडे बघत होता, हातातला भात गार होऊ देत.